पलटणीचा बँड आणि राष्ट्रगीताची चाल

पुण्यास पलटणीचा बँड हा कांहीं नवलाचा विषय नाहीं. पूर्वेस लष्कर, उत्तरेस खडकी आणि नैर्ऋत्येस खडकवासला अशा तीन बाजूंनीं कवाइतीचीं मैदानें असलेल्या या शहराच्या कानांवर बिगुलाचे सूर पिढ्यान्‌पिढ्या पडत आले आहेत. परंतु बँड म्हणजे समारंभाची शोभा, एवढीच बहुतेकांची त्याविषयीं समजूत असते. ती अपुरी आहे. पलटणींत बँडला काम असतें. आणि तें काम नीट ध्यानांत घेतल्यावांचून बँडवर कोणती चाल शोभते व कोणती शोभत नाहीं, हा प्रश्न सुटत नाहीं. तो प्रश्न एकदां केवळ संगीतज्ञांचा न राहतां सबंध राष्ट्राचा झाला होता, आणि त्याच्याशीं झुंजणारा गवई पुण्याचाच होता.

प्रथम कामाचा विचार. द्रुत संचलनांत सैनिक मिनिटास सुमारें १२० पावलें टाकतो, म्हणजे एका पावलास अर्धा सेकंद. ध्वनि हवेंतून सेकंदास सुमारें ३४० मीटर जातो. तेव्हां बँडपासून १७० मीटरांवर चालणाऱ्या सैनिकास ढोलाचा ठोका बरोबर एक पाऊल उशिरानें ऐकूं येतो. पुढच्याचा डावा पाय भुईवर पडतो त्या क्षणीं मागच्याच्या कानीं उजव्या पायाचा ठोका पोंचतो! त्यानें कानाचें ऐकलें तर पाय उलटा पडावयाचा. लांबलचक संचलनांत एकाच बँडवर भागत नाहीं, मधून मधून बँड पेरावे लागतात, याचें कारण हौस नसून हें साधें गणित आहे.

मराठ्यांच्या फौजेंत वाद्यें नव्हतीं असें नाहीं. नगारे, शिंगें, कर्णे यांवांचून स्वारी निघत नसे. १७३२ सालीं वास्तुशांति झालेल्या शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावरचा नगारखाना आजहि पाहावयास मिळतो. नौबत झडणें हा मान होता आणि तो सरसकट कोणासहि लाभत नसे. पण या वाद्यांवर पाऊल पडत नसे. मराठ्यांचें बळ घोड्यावर, आणि घोडें कांहीं नगाऱ्याच्या ठेक्यावर टाप टाकीत नाहीं. शिंगानें इशारत द्यावी, नगाऱ्यानें धन्याचा दरारा गाजवावा, एवढाच त्यांचा व्यवहार. ठेक्यावर पाऊल टाकण्याची रीति कवायती पायदळाबरोबर आली. १८१८ सालीं पेशवाई संपून पुण्याभोंवतीं इंग्रजांच्या छावण्या कायमच्या झाल्या, तेव्हां त्या पायदळाबरोबर त्याचा पितळी बँडहि येथें रुजला.

या बँडच्या वाद्यांचा स्वभाव समजण्यास एकटा बिगुल पुरे आहे. त्यास भोंकें नाहींत कीं कळा नाहींत; नुसती वळविलेली नळी. ओठांच्या ताणानें तींतून मोजकेच स्वर निघतात. आपल्या भाषेंत सांगावयाचें तर सा, प, वरचा सा, आणि त्यावरचे ग व प. सैनिकांस उठविणाऱ्या पहांटेच्या इशारतीपासून वीरगति पावलेल्यांच्या स्मरणार्थ वाजणाऱ्या लास्ट पोस्टपर्यंत सारा कारभार या पांच स्वरांत चालतो. मराठा लाइट इन्फंट्रीच्या बिल्ल्यावर बिगुल आहे, तोहि उगाच नव्हे. विखरून लढणाऱ्या हलक्या पायदळास लांबवर हुकूम पोंचवावयाचा तर बिगुलाखेरीज दुसरें साधन नव्हतें. या पायदळाची चालहि अधिक जलद, मिनिटास सुमारें १४० पावलांची.

कॉर्नेटासारख्या वाद्यांस कळा बसविल्या म्हणजे बाराहि स्वर मिळतात, परंतु ते आपापल्या जागीं पक्के रोवलेले. मींड, आंदोलन, श्रुतींचे सूक्ष्म भेद यांस तेथें फारसा वाव नाहीं. शिवाय बँडमधील सर्व वाद्यें एकच चाल वाजवीत नाहींत. मुख्य चालीखालीं मंद्र वाद्यें निराळे स्वर धरतात, आणि त्या स्वरमेळामुळें चालीस भरीवपणा येतो. आपल्या रागसंगीतांत ही कल्पना नाहीं. एक षड्ज अखंड धरला कीं आपलें भागतें. या दृष्टीनें स्कॉटलंडचा बॅगपाइप आपल्या सनईच्या जवळचा. त्याच्याहि चालीखालीं एक स्थिर सूर सतत गुंजत असतो. भारतीय पलटणींनीं हें परदेशीं वाद्य इतक्या सहज आपलेंसें केलें, त्याचें एक कारण हें असावें.

१९४७ सालीं देश स्वतंत्र झाला आणि 'गॉड सेव्ह द किंग' मागें पडलें. त्या जागीं बँडनें काय वाजवावयाचें? 'वंदे मातरम्'वर लोकांचें प्रेम होतें, त्याच्यापायीं अनेकांनीं लाठ्या व तुरुंग सोसले होते. पण आक्षेप निघाला कीं हें गीत बँडवर वाजविण्याजोगें नाहीं. मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर यांस हा आक्षेप मान्य नव्हता. आळंदीस १८९८ सालीं जन्मलेले, भास्करबुवा बखल्यांचे शिष्य आणि 'माणूस' व 'शेजारी' या प्रभातच्या बोलपटांचे संगीतकार असलेले हे गवई वादविवाद करीत बसले नाहींत. त्यांनीं झिंजोटी रागांत, समूहास गातां येईल अशी गीताची चाल बांधली. मुंबईच्या पोलीस बँडचे प्रमुख गार्डनर यांच्या साहाय्यानें ती पाश्चात्य स्वरलेखनांत उतरवून बँडवर वाजवून घेतली. आणि दिल्लीस जाऊन आपलें म्हणणें प्रात्यक्षिकानें मांडलें.

२५ ऑगस्ट १९४८ रोजीं पंडित नेहरूंनीं घटना समितींत या प्रश्नावर निवेदन केलें. १९४७ सालीं न्यूयॉर्क येथें संयुक्त राष्ट्रांच्या सभेच्या वेळीं 'जन गण मन' वाद्यवृंदानें वाजविलें व तें पसंत पडलें, आणि तेव्हांपासून सैन्यदलांचे बँडहि तें वाजवूं लागले होते. राष्ट्रगीतांत शब्दांहून चालीचें महत्त्व अधिक, कारण परदेशांत तें गाइलें न जातां वाजविलेंच जावयाचें, असा त्यांच्या म्हणण्याचा रोंख होता. २४ जानेवारी १९५० रोजीं डॉ. राजेंद्रप्रसादांनीं 'जन गण मन' हें राष्ट्रगीत म्हणून जाहीर केलें व 'वंदे मातरम्'ला त्याच्या बरोबरीचा मान दिला.

बँडच्या दृष्टीनें पाहतां 'जन गण मन'ची बाजू सोपी होती, हें कबूल केलें पाहिजे. त्याची चाल बहुतांशीं शुद्ध स्वरांची, म्हणजे बिलावल थाटाच्या जवळची, आणि हा थाट व पाश्चात्यांचें मेजर सप्तक हीं एकच. स्वरमेळ त्याखालीं आपोआप बसतो, अक्षरें ठोक्यावर पडतात, आणि सबंध गीत सुमारें ५२ सेकंदांत संपतें. झिंजोटी खमाज थाटाचा. त्यांतला कोमल निषाद पाश्चात्य स्वरमेळास अडखळवितो. पण अडखळणें निराळें आणि अशक्य असणें निराळें. 'वंदे मातरम्' बँडवर वाजतच नाहीं, हें म्हणणें मास्टर कृष्णरावांनीं खोटें पाडलें होतें. निर्णय दुसऱ्या कारणांनीं झाला असेल. या कारणास मात्र आधार उरला नव्हता.

भारतीय चाली पाश्चात्य वाद्यांवर बसविण्याचें काम पुढें चालूच राहिलें. १९५० सालीं पचमढी येथें लष्करी संगीताचें शिक्षण सुरू झालें. दिल्लीच्या बीटिंग रिट्रीट समारंभांत अनेक वर्षें वाजणारी 'अबाइड विथ मी' ही ख्रिस्ती प्रार्थना २०२२ सालीं वगळण्यांत आली आणि तेथें 'ऐ मेरे वतन के लोगों' आलें. त्याची चाल पुणतांब्यास जन्मलेल्या सी. रामचंद्रांची.

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनींत मात्र दीक्षान्त संचलनाच्या शेवटीं, छात्र मंद गतीनें 'अंतिम पग' ओलांडतात तेव्हां, बँड 'ऑल्ड लँग साइन' हें स्कॉटिश निरोपाचें गीत वाजवितो. त्याची चाल परकी खरी. पण तिचे स्वर सा, रे, ग, प आणि ध एवढेच, म्हणजे आपल्या भूपाचेच आहेत.