वॉर्डात उगवलेले प्रश्न

घरात कुणाची अँजिओप्लास्टी झाली असेल तर ती फाइल एकदा काढून पाहा. स्टेंट कोणत्या रक्तवाहिनीत बसवला, किती लांबीचा बसवला, हे लिहून झाल्यावर खाली बहुधा एक छोटी नोंद असते: 'टिमी ३ फ्लो'. अर्थ अवघड नाही. शून्य म्हणजे वाहिनी पूर्ण बंद. एक म्हणजे आत सोडलेला रंग अडथळ्यातून जेमतेम झिरपतोय. दोन म्हणजे प्रवाह टोकापर्यंत जातो, पण रेंगाळत. तीन म्हणजे रक्त मोकळं वाहू लागलं. ही मोजपट्टी १९८४ साली अमेरिकेत सुरू झालेल्या 'टिमी' अभ्यासगटाने घालून दिली. त्या गटाचे प्रमुख होते डॉ. यूजीन ब्राउनवाल्ड.

आपल्यापैकी बहुतेकांनी हे नाव ऐकलेलं नसतं. हृदयरोगात डीएम करणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र ते चुकत नाही, कारण ब्राउनवाल्ड यांनी १९८० साली सिद्ध केलेला हृदयरोगावरचा जाडजूड ग्रंथ त्यांच्या आडनावानेच ओळखला जातो. राउंडवर सर विचारतात, "ब्राउनवाल्डमध्ये काय दिलंय?" आणि रेसिडेंट खाली बघतो. रुग्ण तपासायचे, संशोधन करायचं आणि शिकवायचं, ही तिन्ही कामं एकाच माणसाने करायची, याला वैद्यकीय जगात अकॅडमिक कार्डिऑलॉजी म्हणतात. खासगी रुग्णालयातल्या नामांकित डॉक्टरपेक्षा या माणसाचं काम वेगळं कसं, हे समजून घ्यायला ब्राउनवाल्ड यांच्यासारखं दुसरं उदाहरण नाही.

जन्म १९२९ चा, व्हिएन्नामधल्या ज्यू कुटुंबातला. १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया घशात घातल्यावर कुटुंबाला सगळं टाकून पळावं लागलं आणि ते अखेर न्यूयॉर्कला पोहोचलं. तिथेच शिक्षण, १९५२ साली डॉक्टरकीची पदवी आणि पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर बेथेस्डाच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत, म्हणजे एनआयएचमध्ये नेमणूक. एनआयएचचं वैशिष्ट्य असं की तिथे रुग्णालय आणि प्रयोगशाळा एकाच छताखाली आहेत. ब्राउनवाल्ड यांची पुढची सगळी कारकीर्द या शेजारातून वाढली, असं मला वाटतं.

१९५८ साली तिथे घडलेला प्रसंग नीट बघण्यासारखा आहे. एका रुग्णाच्या हृदयात नळी घालून दाब मोजले. डाव्या कप्प्यात दाब खूप जास्त, महारोहिणीत कमी. म्हणजे वाटेत कुठेतरी अडथळा आहे. झडपेच्या खाली एखादा पडदा असणार, असं निदान करून रुग्ण सर्जन अँड्र्यू मॉरो यांच्या हाती दिला. मॉरो यांनी हृदय उघडलं, वाट तपासली, आणि तिथे काहीच नव्हतं. पडदा नाही, आकसलेली झडप नाही. कप्प्याची भिंत तेवढी जाड होती. निदान करणाऱ्याची मान खाली जावी असाच हा क्षण.

"आकडे चुकले असतील" असं म्हणून फाइल बंद करता आली असती. रोजच्या धबडग्यात कित्येकदा तसंच होतं. ब्राउनवाल्ड आणि मॉरो यांनी उलटा विचार केला. मोजमाप खरं आहे आणि डोळ्यांना दिसलं तेही खरं आहे, मग दोन्ही खरं कसं ठरेल? उत्तर असं निघालं की ऑपरेशनच्या वेळी हृदय शांत, सैल पडलेलं असतं. अडथळा तयार होतो तो ते आकुंचन पावतं तेव्हा. जाड झालेला स्नायू प्रत्येक ठोक्याला स्वतःच स्वतःची वाट अडवतो. १९५९ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं आणि १९६४ मध्ये ६४ रुग्णांचा सविस्तर अभ्यास मांडला. त्याच सुमारास लंडनमध्ये शवविच्छेदन करणारे डोनाल्ड टिअर यांनीही अकस्मात दगावलेल्या तरुण माणसांमध्ये असाच जाडावलेला स्नायू पाहिला होता. आज आपण या आजाराला हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी म्हणतो. खेळता खेळता मैदानावर कोसळणाऱ्या तरुणांच्या बातम्यांमागे पुष्कळदा हाच आजार निघतो. त्यावरची शस्त्रक्रिया मॉरो यांनी रूढ केली, आणि पुढे त्यांना स्वतःलाच हा आजार असल्याचं निष्पन्न झालं. १९८२ साली त्यांचं निधन झालं.

या शोधाचं एक अंग मला फार मोलाचं वाटतं. तो पुन्हा रुग्णाच्या खाटेपाशी परत आला. अडथळा जर हलता असेल, तर तो नुसत्या स्टेथोस्कोपनेही ओळखता आला पाहिजे. रुग्णाला उकिडवं बसवा, हृदयाकडे रक्त जास्त येतं, कप्पा फुगतो, वाट रुंदावते आणि मर्मर मंदावते. मग त्याला उभं करा. कप्पा लहान होतो, वाट अरुंद होते, मर्मर चढते. परळच्या केईएममध्ये किंवा पुण्याच्या ससूनमध्ये एमडीच्या परीक्षेत रुग्णाला असं उठबस करायला लावणारा विद्यार्थी या कामाचाच वारसा चालवत असतो. त्यासाठी यंत्र लागत नाही, वीज लागत नाही.

त्याच एनआयएचमध्ये १९६० साली त्यांच्या पत्नी डॉ. नीना ब्राउनवाल्ड यांनी स्वतः घडवलेली कृत्रिम मायट्रल झडप एका महिलेच्या हृदयात यशस्वीपणे बसवली. तशी ती जगातली पहिलीच शस्त्रक्रिया. त्यांच्यावर खरं तर स्वतंत्र लेख व्हायला हवा.

पुढचा प्रश्न जास्त मोठा होता. त्या काळी हृदयविकाराचा झटका आला की रुग्णाला आठवडेच्या आठवडे अंथरुणात पडून राहायला सांगत. वाहिनी बंद झाली, स्नायू मेला, आता जखम भरायची वाट बघा, असा समज. ब्राउनवाल्ड आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून १९७१ साली दाखवलं की वाहिनी बंद झाल्यानंतरही किती स्नायू मरेल हे ठरलेलं नसतं. हृदयावरचा ताण वाढवला तर मृत भाग वाढतो, ताण कमी केला तर घटतो. म्हणजे डॉक्टरच्या हाती काही तास असतात. आज छातीत कळ येताच रुग्णवाहिका बोलावण्याची जी घाई आपण करतो, तिच्या मुळाशी असलेल्या मोजक्या प्रयोगांपैकी हा एक. १९८० मध्ये मार्कस डीवुड यांनी झटक्याच्या पहिल्या तासांतच अँजिओग्राफी करून बहुतेकांच्या वाहिनीत ताजी गुठळी असल्याचं दाखवलं. मग गुठळी विरघळवणाऱ्या औषधांची तुलना आली आणि त्यातूनच 'टिमी' उभं राहिलं. पहिल्या चाचणीत नवं टीपीए हे औषध जुन्या स्ट्रेप्टोकायनेजपेक्षा जवळपास दुप्पट रुग्णांत वाहिनी उघडतं, असं दिसलं.

या कारकिर्दीवर एक काळा डागही आहे आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ब्राउनवाल्ड १९७२ पासून बोस्टनच्या ब्रिगम रुग्णालयात वैद्यक विभागाचे प्रमुख होते. १९८१ साली तिथल्या त्यांच्या प्रयोगशाळेतला जॉन डार्सी हा अत्यंत हुशार समजला जाणारा तरुण संशोधक खोटे आकडे बनवताना सहकाऱ्यांनाच सापडला. वरिष्ठांना आधी वाटलं की ही एकच चूक असावी, म्हणून त्याचं काम लगेच पूर्ण थांबवलं नाही. पुढे एनआयएचच्या तपासात फसवणूक खोलवर गेल्याचं उघड झालं, अनेक शोधनिबंध मागे घ्यावे लागले. प्रमुखाची देखरेख कुठे होती, ही टीका ब्राउनवाल्ड यांच्यावर झाली आणि ती रास्तच होती. विभाग चालवायचा, रुग्ण बघायचे, ग्रंथ संपादायचा आणि प्रयोगशाळेतल्या प्रत्येक आलेखावरही नजर ठेवायची, हे सगळं एका माणसाला पेलतं का? निबंधावर नाव घालायचं तर कच्च्या नोंदी स्वतः बघितल्या पाहिजेत, ही शिस्त अनेक संस्थांना त्यानंतरच सुचली.

आपल्याकडे ही परंपरा नव्हती असं कुणी समजू नये. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा उच्च रक्तदाबावर काय परिणाम होतो हे रुग्णांवर पद्धतशीर तपासून १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडलं. वैद्यांच्या बटव्यातली ही मुळी त्या निबंधामुळे जगभरच्या डॉक्टरांच्या नजरेत भरली, आणि १९५७ साली वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला. डॉ. अस्पी गोलवाला यांच्यासोबत त्यांनी रुग्णतपासणीवर लिहिलेल्या पुस्तकावर डॉक्टरांच्या पिढ्या शिकल्या. रुग्णसेवा, संशोधन, अध्यापन, तिन्ही तिथे होतं.

आज या वाटेला लागणाऱ्या मुलामुलींचा हिशेब मांडून बघा. एमबीबीएस इंटर्नशिपसह साडेपाच वर्षं, एमडी तीन, डीएम तीन. बंधपत्राची सेवा वेगळी. तिशी ओलांडल्यावर हातात असिस्टंट प्रोफेसरची ऑर्डर येते, तोवर बरोबरीचे मित्र खासगी रुग्णालयात कितीतरी पट कमावू लागलेले असतात. त्यातूनही जे राहतात त्यांची सकाळ ओपीडीत जाते, दुपार कॅथ लॅबमध्ये, संध्याकाळ राउंडमध्ये. बढतीसाठी शोधनिबंध लागतात, म्हणून निबंध लिहिले जातात. पण एखादा आकडा जुळत नाही म्हणून त्याच्यामागे चार महिने लागायचं, तेवढी उसंत कुणी देत नाही. आठवड्याचा एक पूर्ण दिवस ओपीडीविना मिळावा आणि नोंदी ठेवायला एक पगारी मदतनीस मिळावा, ही मागणी अवाजवी नाही. सरकारी आणि पालिका रुग्णालयांच्या प्रमुखांनी ती लेखी मांडायला हवी.

कारण आपले प्रश्न बोस्टनमध्ये उगवत नाहीत. तीव्र हृदयविकाराने दाखल झालेल्या २०,४६८ रुग्णांची देशभरातल्या ८९ केंद्रांत नोंद ठेवणारा 'क्रिएट' हा अभ्यास बंगळुरूच्या सेंट जॉन्स महाविद्यालयातल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने झाला आणि २००८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. कळ सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंतचा मध्यक वेळ निघाला ३६० मिनिटं, म्हणजे सहा तास. ब्राउनवाल्ड यांच्या प्रयोगांनी जे तास वाचवण्याजोगे ठरवले, ते आपल्याकडे घरात, रिक्षात आणि बसस्टँडवर संपत होते. तीस दिवसांत दगावणाऱ्यांचं प्रमाण श्रीमंतांत ५.५ टक्के, तर गरिबांत ८.२ टक्के होतं. गरिबांचा आजारच जास्त गंभीर असेल, ही शंका संशोधकांनी आकडेमोड करून तपासली, आणि वय किंवा जोखमीचे घटक हिशेबात धरूनही फरक तसाच राहिला. मिळालेले उपचार हिशेबात धरल्यावर मात्र तो नाहीसा झाला.