रॉक स्लायडर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

पाऊस ओसरला की सह्याद्रीतल्या कच्च्या वाटांवर थार, जिप्सी, जिम्नी दिसू लागतात. पुढचं चाक एखाद्या धोंड्यावरून पार होतं, गाडी खाली बसते आणि दाराखालचा पत्रा थेट दगडावर टेकतो. तो पत्रा चेपला की दार नीट लागत नाही आणि दुरुस्तीला कापाकापी करावी लागते. तो वाचवण्यासाठी चासीला दोन्ही बाजूंनी जोडलेला पोलादी पाइपांचा सांगाडा म्हणजे रॉक स्लायडर. वेल्डिंगचा हात असेल तर तो घरीही बनवता येतो. पण एक ते पावणेदोन टनांची गाडी दगडावर आदळते, तेव्हा तो धक्का या सांगाड्यातून चासीपर्यंत पोचतो. त्या वाटेतला सगळ्यात कच्चा जोड जेवढा मजबूत, तेवढाच स्लायडर मजबूत. बहुतेक गैरसमज ही वाट नजरेआड केल्यामुळे होतात.

गैरसमज १ : जाड फूटबोर्ड बसवला की स्लायडरचं काम भागतं.
वस्तुस्थिती : फूटबोर्ड माणसाच्या पावलासाठी असतो. तो पातळ पट्ट्यांवर आणि बऱ्याचदा बॉडीलाच अडकवलेला असतो. दगडावर टेकला की तो वर दुमडतो आणि ज्या पत्र्याला वाचवायचं त्यालाच चेपतो. स्लायडरचे पाय चासीतून निघतात आणि तो बॉडीला कुठेही चिकटत नाही. बॉडी रबरी माउंटवर बसलेली असल्याने चासीच्या तुलनेत थोडी हलते, म्हणून बॉडी आणि स्लायडरमध्ये बोटभर फट ठेवावीच लागते.

गैरसमज २ : कोणत्याही एसयूव्हीला स्लायडर बसतो.
वस्तुस्थिती : थार, जिप्सी आणि जिम्नी या गाड्यांना शिडीसारखी स्वतंत्र चासी आहे. क्रेटा किंवा डस्टरसारख्या मोनोकॉक गाड्यांत बॉडी हाच सांगाडा असतो. तिथे दाराखालच्या पत्र्याला पाइप वेल्ड केला, तर दगडाचा मार थेट त्या पत्र्यावर जातो.

गैरसमज ३ : भरीव सळई पोकळ पाइपापेक्षा दणकट.
वस्तुस्थिती : वाकण्याला विरोध करायचा असेल तर पोलाद मध्यापासून जितकं लांब तितकं चांगलं. ४८.३ मिमी बाह्य व्यास आणि ४ मिमी जाडीचा पाइप मीटरमागे साधारण ४.४ किलो भरतो. तेवढ्याच वजनाची भरीव सळई जेमतेम २७ मिमी जाड होते, आणि ताठपणात पाइप तिच्या साडेपाच पट ठरतो. पाइप घेताना एक लक्षात ठेवा : दुकानात ज्याला दीड इंची म्हणतात त्याचा बाहेरचा व्यास या ४८ मिमीच्या आसपास असतो. म्हणून आधी पट्टी लावा, मग कापा.

गैरसमज ४ : घरात उरलेला जीआय पाइप चालून जातो.
वस्तुस्थिती : जीआय पाइपावर जस्ताचा थर असतो. वेल्डिंगच्या उष्णतेने त्याची वाफ होते. हा पांढरा धूर छातीत गेला तर काही तासांनी थंडी, ताप आणि अंगदुखी सुरू होते. शिवाय जस्तामुळे वेल्डमध्ये बारीक भोकं राहतात. साधा काळा एमएस पाइप घ्या.

गैरसमज ५ : वेल्डचा थर जाड दिसला की जोड पक्का.
वस्तुस्थिती : धातू दोन्ही तुकड्यांत किती खोल वितळला, यावर जोड ठरतो. करंट कमी असेल किंवा खाली रंग आणि गंज राहिला असेल, तर वेल्ड वर नुसता बसून राहतो आणि पहिल्या दणक्याला सालीसारखा सुटतो. जोडाची जागा ग्राइंडरने चकचकीत करा. त्याच मापाच्या टाकाऊ तुकड्यावर आधी वेल्ड करून तो कापून आतून बघा. आणि देखणेपणासाठी वेल्ड घासून सपाट करू नका, कारण ताकद देणारा धातूच त्यात निघून जातो.

गैरसमज ६ : पाय थेट चासीला वेल्ड केले की झालं.
वस्तुस्थिती : पाइपाचं टोक लहान आणि चासीचा पत्रा काही मिलिमीटरचाच. सगळा मार त्या छोट्या वर्तुळावर आला की पत्रा फाटतो. म्हणून मध्ये चासीच्या जाडीच्या मानाने योग्य अशी, मोठी पट्टी लागते. चासीच्या लांबीला आडवा छेद देणारा उभा वेल्ड टाळावा. चासी पिळवटते तेव्हा चीर तिथूनच सुरू होते. पट्टीची टोकं तिरकी किंवा गोलाकार ठेवली तर ताण पसरतो. बोल्टने जोडलेला स्लायडर कमकुवतच असतो असं नाही. मात्र बोल्ट आवळताना पोकळ चासी चेपू नये म्हणून भोकात आतून नळी बसवावी लागते.

गैरसमज ७ : गाडीवर वेल्डिंग म्हणजे गेटवर वेल्डिंग करण्यासारखंच.
वस्तुस्थिती : चासीलगत ब्रेकच्या, इंधनाच्या नळ्या आणि वायरिंग जातं. आधी बॅटरी सोडा, नळ्या बाजूला घ्या किंवा झाका, अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ लावा आणि अग्निशामक हाताशी ठेवा. क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरने जागा पुसून लगेच वेल्डिंग करू नका. आर्कच्या उजेडात आणि उष्णतेत त्यापासून फॉस्जिन हा विषारी वायू तयार होऊ शकतो.

गैरसमज ८ : बंपरवरच बंदी आहे, बाजूला काहीही लावा.
वस्तुस्थिती : मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ वर्णनाशी न जुळणारे बदल करता येत नाहीत. कलम १८२अ मध्ये मालकाला अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. काम सुरू करण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे लेखी विचारा.

स्लायडर तयार झाला की दगडावर जाण्याआधी अंगणातच त्याची परीक्षा घ्या. हँडब्रेक लावा, दुसऱ्या बाजूच्या चाकांना दगड लावा आणि स्लायडरच्या मध्याखाली जॅक ठेवून ती बाजू हळूहळू उचला. गाडीखाली कोणीही जाऊ नये. बॉडी आणि स्लायडरमधली फट तशीच राहिली का ते पाहा. गाडी खाली घेतल्यावर प्रत्येक वेल्ड टॉर्चने तपासा आणि दार आधीसारखंच लागतं का तेही पाहा. इथे एखादी केसाएवढी चीर दिसली तर ती आत्ताच दिसली याचा आनंद माना, कारण घाटात ती पाहायला तुम्ही थांबणार नाही.