दोन्ही हातांचा फिरकीपटू: आपला अक्षय कर्णेवार

८ नोव्हेंबर २०२१. सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत मणिपूरविरुद्ध विदर्भाच्या अक्षय कर्णेवारचं पृथक्करण होतं ४-४-०-२. ट्वेंटी-२० सामन्यात चारही षटकं निर्धाव टाकणारा जगातला पहिला गोलंदाज हा आपल्या यवतमाळ जिल्ह्यातला. यावर लगेच कुणीतरी म्हणतंच, "मणिपूर काय, लिंबूटिंबू!" संघ दुबळा होता हे खरंच, पण दुबळ्या फलंदाजाचीही कड लागून एखादी धाव निघतेच, २४ चेंडूंत तीही निघाली नाही. तरी माझ्या मते अक्षयची खरी कमाई वेगळी आहे. तो दोन्ही हातांनी फिरकी टाकतो. उजव्या फलंदाजाला डावखुरी, डावऱ्याला ऑफस्पिन, म्हणजे चेंडू दोघांच्याही बॅटपासून बाहेरच वळणार.

"हात बदलला की फलंदाज फसतो, ही लबाडीच," हा आक्षेप मात्र टिकत नाही. हात बदलण्याआधी पंचांना सांगावंच लागतं, नाहीतर नो-बॉल. अमेरिकी बेसबॉलमधला दोन्ही हातांचा रिलीफ पिचर पॅट व्हेंडिट यालाही हात आधीच जाहीर करावा लागे. म्हणजे फलंदाजाला सगळं ठाऊक असतं, तरी अडचण उरतेच. शिवाय अक्षय नुसता टी-ट्वेंटीपुरता नाही. २०१८-१९च्या रणजी अंतिम सामन्यात त्याच्या नाबाद ७३ धावांनी विदर्भाला ३१२पर्यंत नेलं आणि लगेचच्या इराणी चषकात त्यानं शतक ठोकलं.

तेव्हा आपल्याच जिल्ह्यातल्या पुसदच्या प्रशिक्षकांनो, एखादं पोरगं दोन्ही हातांनी चेंडू टाकत असेल तर त्याचा एक हात बंद करू नका.