‘नॉटविथस्टँडिंग’ : लहान शब्द, मोठा अधिकार

‘नॉटविथस्टँडिंग’ हा इंग्रजी शब्द बोलण्यात क्वचितच येतो. पण कायद्याच्या कागदात तो पावलोपावली भेटतो. ऐकायला अवजड असला, तरी त्याची फोड सोपी आहे. ‘विथ’ म्हणजे आज ‘बरोबर’. जुन्या इंग्रजीत मात्र त्याचा अर्थ ‘विरुद्ध’ असा होता. म्हणून ‘विथस्टँड’ म्हणजे विरुद्ध उभे राहणे. त्यामागे नकार जोडला, की अर्थ होतो ‘आड न येता’. लॅटिनमधील ‘नॉन ऑब्स्टान्टे’ या प्रयोगाचाही नेमका हाच अर्थ.

‘घरच्यांनी विरोध केला, तथापि तो गेला,’ या वाक्यातील ‘तथापि’चे काम हा शब्द क्रियाविशेषण म्हणून करतो, आणि पुष्कळदा वाक्याच्या शेवटी बसून करतो. नामाला जोडून आला, की तो आपल्या ‘असूनही’सारखा होतो. आपले मराठी कायदे त्याच्यासाठी ‘काहीही अंतर्भूत असले तरी’ असे म्हणतात.

आता प्रश्न असा, की ‘असले तरी’ असे म्हणण्याचा अधिकार कोणाचा? इंग्लंडचे राजे हाच लॅटिन प्रयोग वापरून, कायदा असतानाही मर्जीतल्या माणसाला त्यातून सूट देत. दुसऱ्या जेम्सने टेस्ट ॲक्ट बाजूला सारून कॅथलिकांना सैन्यात अधिकारपदे दिली, आणि १६८६ साली न्यायालयानेही त्याचीच बाजू उचलून धरली. दोन वर्षांनी त्याला देश सोडून पळावे लागले. १६८९ च्या ‘बिल ऑफ राइट्स’ने अशी सूट देणे बंद केले; कायद्यातच मुभा ठेवली असेल, तेवढीच उरली.

राजाच्या हातचा शब्द असा विधिमंडळाच्या हाती आला. कॅनडाच्या १९८२ च्या हक्कांच्या सनदेत, तेहतिसाव्या कलमान्वये, विधिमंडळ काही मूलभूत हक्क असतानाही कायदा लागू ठेवू शकते. मात्र तसे उघड जाहीर करावे लागते, आणि ती घोषणा पाच वर्षांनी संपते. ती पुन्हा करता येते. आपल्या संविधानातही, ३४३ व्या अनुच्छेदाने संघराज्याची राजभाषा हिंदी ठरवली असूनही, ३४८ व्या अनुच्छेदाच्या आरंभीच्या या एका शब्दामुळे, संसद अन्यथा ठरवीपर्यंत सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते.

तेव्हा हा शब्द दिसला, की तीन गोष्टी विचाराव्यात : तो कोण उच्चारतो, कशाला बाजूला सारतो, आणि किती काळासाठी? या प्रश्नांची उत्तरे मागणे, हे नागरिकाचे काम आहे.