जुन्या घरातली वीज आणि खानदेशचा उन्हाळा

साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेलच्या माळावर फिरणाऱ्या पवनचक्क्या आणि शिवाजीनगर येथे महानिर्मितीने उभारलेला १२५ मेगावॉटचा सौरप्रकल्प पाहिला, म्हणजे सरकारी दप्तरात अवर्षणाचा मुलूख म्हणून ज्याची नोंद वर्षानुवर्षे होत आली, त्या प्रदेशाला त्याच्याच वाऱ्याने आणि उन्हाने उत्पन्नाचे एक नवे साधन मिळवून दिले, याचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. परंतु त्याच तालुक्यात, पांझरेच्या काठी वसलेल्या पिंपळनेरच्या जुन्या गावठाणातील एखाद्या दुमजली घरात शिरून सागवानी तुळयांकडे नजर टाकावी, तो चुन्याचे आणि रंगाचे थर बसून जाड झालेली लाकडी पट्टी, तिच्यावर पत्र्याच्या बारीक चिमट्यांनी आवळलेली काळी रबरी तार आणि तिच्या टोकाशी गोल ठोकळ्यावर बसविलेले काळे बटण अद्यापि दृष्टीस पडते. वीज निर्माण करण्याचे शास्त्र पुष्कळ पुढे गेले. ती वीज घरात खेळविणारी तार मात्र अनेक घरांतून आजोबांच्या काळातलीच राहिली आहे.

ही जुनी जोडणी मुळात निकृष्ट होती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले आणि पुढील दोन-तीन दशकांत खेडोपाडी खांब उभे राहिले, त्या काळच्या कारागिरांनी ती त्या काळच्या घरासाठी केली होती. घर म्हणजे काय, तर हात-दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, तुळयांवर कडीपाट आणि त्यावर खारी माती चोपून केलेले धाबे. वैशाखाचे ऊन या मातीतून खाली झिरपेपर्यंत संध्याकाळ होई. अशा घरात पाच-सहा दिवे, एखादा पंखा आणि असलाच तर रेडिओ, असा सारा मिळून तीन-चारशे वॉटचा, म्हणजे दोन अँपियरही न भरणारा भार असे. जुने वायरमन ज्यांना ‘एक-अठरा’, ‘तीन-बावीस’ किंवा ‘सात-वीस’ म्हणत, त्या तारांतील पहिला आकडा धाग्यांची संख्या आणि दुसरा त्यांचा गेज सांगे. त्यांपैकी ‘तीन-बावीस’ची तांब्याची तार सुमारे सव्वा चौरस मिलिमीटर जाडीची, आणि दोन अँपियरांचे ओझे तिला कधी जाणवलेही नसेल.

बदलली ती तार नव्हे, घर बदलले. धाब्याला दर पावसाळ्यापूर्वी माती घालण्याची मेहनत आणि ती जाणणारी माणसे, दोन्ही कमी झाली, तेव्हा गळणारे धाबे उतरवून त्या जागी पन्हाळी पत्रे आले. आणि पत्र्याखाली घर तापू लागले, म्हणून कूलर आला, त्यापाठोपाठ फ्रिज, गिझर आणि अलीकडे वातानुकूलन यंत्र आले. दीड टनाचे ते यंत्र एकटे सात-आठ अँपियर ओढते. दोन किलोवॉटचा गिझर जवळजवळ नऊ. एका बाजूने तारेभोवतालची हवा तापली आणि दुसऱ्या बाजूने तारेतून जाणारा प्रवाह वाढला. या दोन गोष्टी एकाच वेळी, एकाच दुपारी घडतात, यातच खानदेशातील प्रश्नाचे मर्म आहे.

याचा हिशेब सोपा आहे आणि तो प्रत्येक घरमालकाने एकदा करून पाहावा. आजच्या सामान्य तारेवरील पीव्हीसीचे वेष्टण सत्तर अंश सेल्सिअसपर्यंत टिकण्यासाठी बनविलेले असते. भोवतालची हवा चाळीस अंशांवर असेल, तर प्रवाहामुळे तापण्यास तारेला तीस अंशांची मुभा उरते, आणि आपल्याकडील तक्त्यांतून तारेची जी क्षमता छापलेली असते ती साधारणतः हीच मुभा गृहीत धरून. आता पत्र्याच्या लगत, माळ्यावर, दुपारी तीन वाजता हवा पंचावन्न अंशांवर गेली असे धरा. मुभा पंधरा अंशांची, म्हणजे निम्मी झाली. तारेत उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे, उष्णता निम्मी ठेवायची तर प्रवाह सुमारे सात-दशांशावर आणावा लागतो. थोडक्यात, वीस अँपियरची म्हणून विकत घेतलेली तार त्या माळ्यावर चौदा अँपियरचीच उरते. मर्यादा ओलांडली म्हणून तार त्याच दिवशी पेट घेते असे नाही. वेष्टण कडक होते, त्याला बारीक चिरा जातात, वाकविले की ते पापुद्र्यासारखे सुटते. प्रत्येक आठ-दहा अंशांच्या वाढीगणिक विद्युतरोधक वेष्टणाचे आयुष्य निम्म्याने घटते, हा अभियंत्यांचा जुना आडाखा आहे.

बाजारात ‘एफआर’ असे शिक्के असलेली तार मिळते आणि ती अधिक उष्णता सोसते, असा दुकानातून सर्रास समज करून दिला जातो. ते खरे नव्हे. आग लागल्यास ती तारेवरून पसरू नये, एवढाच त्या गुणाचा अर्थ. सत्तर अंशांची मर्यादा तिलाही लागू आहे. पत्र्याखालून तार नेण्यावाचून गत्यंतरच नसेल, तर पंच्याऐंशी अंशांची उष्णतारोधक जात मागून घ्यावी, अथवा एक माप जाड तार टाकावी. त्याहून शहाणपणाचे म्हणजे ती पत्र्यापासून दूर, भिंतीच्या मध्यावरून न्यावी. यास खर्च काहीच नाही.

अ‍ॅल्युमिनियमच्या तारांविषयी दोन शब्द. तांबे महागले त्या दशकांत त्या पुष्कळ घरांतून पडल्या. त्यांचा दोष तारेच्या मध्यात नसतो, टोकाशी असतो. स्क्रूखाली दाबलेला हा मऊ धातू तापून-निवून हळूहळू सरकतो, त्यावर वीज वाहून न नेणारा ऑक्साइडचा थर चढतो, जोड सैल होतो आणि सैल जोड तापतो. बटण गरम लागणे, बोर्डाजवळ जळका वास येणे, दिवा कारणावाचून फडफडणे, ही त्याची लक्षणे. तांब्याच्या नव्या तारेला जुन्या अ‍ॅल्युमिनियमचा पीळ देऊन वर पट्टी गुंडाळण्याची जी पद्धत रूढ आहे, ती तर निव्वळ आगीला आमंत्रण होय.

आता संरक्षणाच्या साधनांकडे वळू. चिनीमातीचा कटआउट आणि त्यातील वितळतार ही जुन्या घराची एकमेव राखण. आणि ती तार वारंवार जाते म्हणून तिच्या जागी दुप्पट जाड तांब्याचा पदर बांधणारे गृहस्थ प्रत्येक गल्लीत भेटतात. ज्यांनी एमसीबी, म्हणजे जादा प्रवाह होताच आपोआप पडणारी कळ, बसविली, त्यांच्याकडे त्याच चुकीची सुधारून काढलेली आवृत्ती आढळते. ही कळ तीस अंशांच्या हवेत जोखलेली असते. पश्चिमेच्या भिंतीवर, पत्र्याच्या पेटीत ती तापली म्हणजे ठरल्यापेक्षा थोडी अगोदर पडते. मालक वैतागतो, वायरमनही वेळ मारून नेतो, आणि सोळाच्या जागी बत्तीस अँपियरची कळ बसते. तार मात्र तीच. कळ तारेच्या रक्षणासाठी असते, यंत्राच्या सोयीसाठी नव्हे, एवढे ध्यानात ठेवले तर हा प्रमाद होणार नाही. पेटी सावलीच्या भिंतीवर हलवावी.

परंतु माणूस दगावतो तो बहुधा आगीने नव्हे, कूलरने. दर उन्हाळ्यात खानदेशातून आणि विदर्भातून या बातम्या येतात, आणि वृत्तांत एकसारखाच असतो: पत्र्याचा कूलर, ओली फरशी, अनवाणी पाय, पाणी भरताना चालू राहिलेला पंप. पंपाच्या तारेचे वेष्टण पाण्यात आणि उन्हात खराब होऊन वीज पत्र्यात उतरते. भिजलेल्या शरीराचा रोध हजार-दोन हजार ओहम धरला, तर २३० व्होल्टला त्यातून एक-दोन दशांश अँपियर प्रवाह वाहतो. हृदयाची लय बिघडविण्यास तो पुरेसा आहे, पण पाच अँपियरच्या वितळतारेला त्याचा पत्ताही लागत नाही. यासाठी अर्थिंग, परंतु त्याच्या भरवशालाही येथील उन्हाळा सुरुंग लावतो. काळी माती वैशाखात भेगाळते, नळीभोवतालचा ओलावा आटतो आणि पावसाळ्यात दोन-तीन ओहम असलेला भूमीचा रोध वीस ओहमवर जाऊ शकतो. तसे झाले, म्हणजे पत्र्यात उतरलेली वीज जमिनीत जाताना साडेअकरा अँपियरच वाहतात, सोळाची कळ जागची हलत नाही, आणि कूलर तासन्‌तास जिवंत राहतो. अर्थिंग आहे, कळ आहे, आणि तरीही मृत्यू आहे, असा हा विचित्र प्रसंग.

त्यावर उपाय एकच: तीस मिलिअँपियरची आरसीसीबी. गेलेला आणि परतलेला प्रवाह यांतील तफावत ती मोजते आणि एक-तृतीयांश सेकंदाच्या आत पुरवठा तोडते. जुन्या घरात ती बसविली की सारखी पडू लागते, ही तक्रार खरी आहे. कारण कोठे ओल्या भिंतीतून प्रवाह झिरपत असतो, कोठे एका वाटेचा न्यूट्रल दुसऱ्या वाटेला उसना दिलेला असतो, आणि कोठे तर न्यूट्रलच्या अभावी अर्थिंगच्याच तारेवर दिवा लावलेला असतो. ती पडते म्हणून तिला वगळून थेट जोडणी करून देणाऱ्या कारागिरास पुन्हा घरात पाऊल टाकू देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ती पडते, याचा अर्थ घरात दोष आहे आणि तो सापडला आहे.

मातीच्या भिंतीत नवी जोडणी करताना सिमेंटच्या घरांतील रीत येथे आंधळेपणाने आणू नये. यंत्राने झिऱ्या मारल्या, तर मातीचा गिलावा हातभर सुटतो आणि वर सिमेंटचे लिंपण केले, तर ते मातीस धरत नाही. आत शिरलेली ओल मात्र तेथेच मुक्काम करते. भिंतीवरून उघडी जाणारी पीव्हीसीची पट्टी, म्हणजे केसिंग-कॅपिंग, अशा घराला अधिक मानवते. ती दिसायला साधी असली तरी उघडून तपासता येते. उंदीर आणि वाळवी यांचा वावर असलेल्या माळ्यावर जाड नळी घ्यावी. दिव्यांना दीड, सामान्य प्लगांना अडीच आणि गिझर, वातानुकूलन यांना प्रत्येकी स्वतंत्र चार चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, आणि प्रत्येक वाटेबरोबर हिरवी अर्थिंगची तार, एवढे किमान मानावे. अर्थिंगसाठी चाळीस मिलिमीटर व्यासाची, अडीच मीटर लांबीची जस्तलेपित नळी न्हाणीघराच्या सांडपाण्याजवळ पुरावी, म्हणजे उन्हाळ्यातही ओल टिकते. जुनी तार मात्र भिंतीत निर्जीव म्हणून ठेवू नये. पुढे कोणी तरी ती नकळत पुन्हा जोडतो.

कायद्याची बाजू जुनी आणि निःसंदिग्ध आहे. घरातील विद्युत काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावे, हा दंडक १९५६ च्या भारतीय वीज नियमांतील पंचेचाळिसाव्या नियमाने घातला आणि नंतरच्या नियमावलींनीही तो कायम ठेवला. व्यवहारात लोक तोंडी ओळखीवर काम देतात. निदान काम संपल्यावर पाचशे व्होल्टच्या मेगरने विद्युतरोध मोजून, एक मेगओहमहून कमी भरत नाही याची लेखी नोंद मागावी. आणि घराचा मंजूर भार वाढला असेल, तर वीज कंपनीकडे तसा अर्ज द्यावा. मीटरपर्यंतची तार तिच्या अखत्यारीत येते, आणि आतली तार जाड करून बाहेरची बारीकच ठेवण्यात अर्थ नाही.

या कामाला दिवाळीनंतरचे दोन महिने उत्तम. भिंती पावसाळ्याची ओल सोडून वाळलेल्या असतात आणि कारागीर मोकळे असतात. अर्थिंगचे मोजमाप मात्र तेव्हाचे ग्राह्य धरू नये. ते चैत्रात, जमीन कोरडी पडल्यावर, पुन्हा घ्यावे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, घर भरते, कूलर रात्रंदिवस चालतो आणि मुले ओल्या हातांनी त्याच्याभोवती खेळतात. तेव्हा वाचकांना विनंती एवढीच, की यंदाच्या आखाजीपूर्वी आरसीसीबीचे चाचणीचे बटण एकदा दाबून पाहावे, ती पडली नाही तर त्याच दिवशी बदलावी, आणि कूलरमध्ये पाणी भरण्यापूर्वी त्याची पिन भिंतीतून काढण्याची सक्त ताकीद घरातील प्रत्येकास द्यावी.