आपल्या वाय-फायवर कोण कोण?

दिवाळीला यवतमाळला घरी गेलो होतो. पुण्याच्या ऑफिसचा व्हिडिओ कॉल घरूनच घ्यायचा, असा झकास प्लॅन. पण स्क्रीनवर बॉसचा चेहरा जो गोठला, तो गोठलाच!

'शेजारचे नेट खेचतायत,' मी जाहीर केलं आणि ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकून राउटरचं पान उघडलं. (तुमच्या राउटरचा पत्ता त्याच्या स्टिकरवर छापलेला असतो.) जोडलेल्या उपकरणांची यादी आली. घरात माणसं तीन, यादीत उपकरणं अकरा!

बाबा शांतपणे चहा पीत म्हणाले, "पासवर्ड मीच देल्ला. बाजूची पोरगी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. त्याईच्या बोअरचं पाणी पेलं आपण, इसरला काय?"

विसरेन कसा? २०१८च्या उन्हाळ्यात निळोणा, चापडोह धरणांनी तळ गाठला, तेव्हा त्याच बोअरने आम्हाला तारलं होतं.

पण मला २००८ आठवलं. २६ जुलैला अहमदाबादच्या स्फोटांच्या काही मिनिटं आधी धमकीची ईमेल आली. तिचा माग काढत पोलीस पोचले नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका फ्लॅटवर. तिथल्या अमेरिकन रहिवाशाचं वाय-फाय भलत्यानंच वापरलं होतं! बाहेरच्या जगाला दिसतो तो कनेक्शनचा पत्ता, आतला माणूस नाही. म्हणजे उद्या काही झालं, तर बेल वाजणार बाबांच्याच दारावर.

मग घरातलं एकेक उपकरण बंद करत यादीतलं नाव खोडत गेलो. टीव्ही, कॅमेरा, टॅब, फोन... आमची निघाली सात. (नवे फोन खऱ्या मॅक पत्त्याऐवजी बदललेला पत्ता दाखवतात, त्यामुळे अनोळखी नाव दिसलं की लगेच चोर समजू नका.) तीन शेजारची. अकरावं मात्र कुणाचंच नव्हतं. पासवर्ड हातोहात फिरला होता.

आणि नेट कोण खात होतं? ट्रॅफिकचा तक्ता उघडला, तर पहिल्या नंबरवर मीच! माझा फोन दिवाळीचे सगळे व्हिडिओ क्लाउडवर चढवत होता. अपलोड असं तुंबलं की कॉल अडकणारच. अभ्यास करणाऱ्या पोरीचा आकडा त्यापुढे अगदी किरकोळ.

मग काय, बॅकअप रात्रीवर टाकला. पासवर्ड बदलला, राउटरचा 'अ‍ॅडमिन' हा पासवर्डही. शेजारच्यांसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क केलं, म्हणजे आमचा कॅमेरा, टॅब त्यांच्यापासून वेगळे. गेस्टवरूनही बाहेर पत्ता आमचाच दिसतो, म्हणून एकच अट घातली: पासवर्ड पुढे द्यायचा नाही. यादी आता दर महिन्याला बाबाच तपासतात.

बॉसला काय सांगितलं? "शेजारचे नेट खेचत होते, सर!"