पाण्याखाली एकट्याला भोवळ आली तर

कोकणात उतरणाऱ्या अनेक पर्यटकांना आता सिंधुदुर्ग किल्ल्यालगतचा समुद्रतळ पाहण्याची ओढ असते, आणि तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे स्कूबा प्रशिक्षण केंद्रही आहे. नवख्याने प्रशिक्षकासोबतच उतरायचे असते. खरी जोखीम पुढे, शिकून झाल्यावर एकट्याने बुडी मारणाऱ्याला असते.

दर १० मीटर खोलीला पाण्याचा दाब सुमारे एका वातावरणाइतका वाढतो, त्यामुळे श्वासातली हवा दाट होते आणि ती आत-बाहेर करण्यास अधिक श्रम पडतात. घाई किंवा भीतीमुळे श्वास उथळ झाला, की कार्बन डायऑक्साइड शरीरात साठून डोके दुखणे, धाप लागणे, गरगरणे सुरू होते. साधारण ३० मीटरच्या खाली नायट्रोजनची गुंगी, म्हणजे दाबाखालील नायट्रोजनमुळे मेंदूवर येणारी नशेसारखी धुंदी, निर्णयशक्तीच मंद करते. दोन्ही कानांतील दाब असमान झाल्यासही भोवळ येते.

अशा वेळी हालचाल थांबवून सावकाश, पूर्ण उच्छ्वास सोडावा. बरे न वाटल्यास बुडी संपवून मिनिटाला ९ मीटरहून अधिक नाही अशा वेगाने वर यावे. श्वास मात्र कधीही रोखू नये, कारण वर येताना प्रसरण पावणारी हवा फुप्फुस फाडू शकते. शुद्ध हरपल्यास रेग्युलेटर, म्हणजे टाकीतील हवा श्वासायोग्य दाबाने देणारे उपकरण, तोंडातून सुटू शकते आणि ते सावरणारा शेजारी कोणी नसतो. म्हणून अनुभव कितीही असला, तरी जोडीदाराशिवाय पाण्यात उतरू नये.